लाकूडतोड्याचा शब्द आणि झाडातली बाई

ग्रीसच्या नैऋत्येला पायलोस म्हणून ठिकाण आहे. तिथल्या राजवाड्याला इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपास आग लागली आणि त्यात जे काही जळायचं ते जळून गेलं, पण कारकुनांनी हिशेब लिहून ठेवलेल्या मातीच्या कच्च्या पाट्या मात्र त्याच आगीत भाजून पक्क्या झाल्या, म्हणून त्या आज आपल्याला वाचायला मिळतात. १९३९ मध्ये कार्ल ब्लेगन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाला त्या सापडल्या, तेव्हा त्या कुठल्या भाषेत आहेत हेच कोणाला माहीत नव्हतं. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने ती लिपी उलगडली. हा माणूस पेशाने आर्किटेक्ट, भाषेचा प्रोफेसर वगैरे काही नाही, आणि निघाली काय तर ग्रीक, ग्रीकांचा आदिकवी होमर याच्याही कितीतरी आधीची. बरं, पाट्यांवर काव्यबिव्य काही नाही हं. मेंढ्या किती, तेल किती, कोणाकडून काय यायचं बाकी आहे, असला सगळा कारभार.

त्यातली एक पाटी माझी फार लाडकी आहे. त्यात लिहिलंय की लाकूडतोडे रथांच्या कारखान्याला ५० लहान लाकडं आणि ५० आस देतात. बस, एवढंच. पण 'देतात' याला तिथे शब्द आहे दि-दो-सि, म्हणजे दिदोन्सि, आणि संस्कृतातलं 'ददाति' ज्याला शाळेत घोकावं लागलंय त्याचे कान लगेच टवकारतात. आसांना शब्द आहे अ-को-सो-ने, म्हणजे अक्सोनेस, तो संस्कृतातल्या 'अक्ष'चा सख्खा भाऊ, आणि त्या अक्षाचाच झिजून झिजून आपला बैलगाडीचा आस झाला. आणि लाकूडतोडे? दु-रु-तो-मो. ती लिपी अक्षरं जोडू शकत नाही म्हणून असं तुटक दिसतं, म्हणायचं द्रुतोमोस. 'तोम' म्हणजे कापणं. 'द्रु' म्हणजे झाड, लाकूड. तसंच्या तसं संस्कृतातही द्रु, ज्याच्यापासून द्रुम.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ड्रायड. फँटसी गेम्स खेळणाऱ्या पोरांना हा शब्द पाठ असतो, हिरव्या केसांची, पानांचे कपडे घातलेली, झाडातून बाहेर येणारी बाई. मराठीत आपण तिला वनदेवी म्हणतो, अप्सरा म्हणतो, कधी सरळ परी म्हणून मोकळे होतो, आणि तिघींपैकी एकही बरोबर बसत नाही. ग्रीकमध्ये तो शब्द द्रुआस, अनेकवचन द्रुआदेस, आणि त्यात बाई, देवी, सुंदरी असलं काही नाहीच. 'द्रुस' या शब्दाला फक्त स्त्रीलिंगी शेपूट लावलंय. म्हणजे 'झाडाची', किंवा नंतर द्रुसचा अर्थ आक्रसून ओक झाला तेव्हा 'ओकाची'. आपल्याकडे कोणाला नुसतं 'वाड्यातली' म्हणतात ना, तसं. बाई कोण ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

होमर तर एवढंही म्हणत नाही, त्याच्याकडे या सगळ्या नुसत्या 'निम्फ', आणि ग्रीकमध्ये निम्फे म्हणजे नवरी, नवी लग्न झालेली मुलगी. झाडाचं नाव तिला चिकटलं ते पुढे.

आता मला जे खुपतं ते सांगते. या 'द्रु'चं आणि त्याच्याच जोडीच्या संस्कृत 'दारु'चं, म्हणजे लाकडाचं, कुळ प्रचंड मोठं आहे आणि जरा शोधाशोध केली की माणूस चक्रावून जातो. इंग्लिश ट्री हा त्याच मुळाचा. टार म्हणजे डांबर, जे पूर्वी पाइनच्या लाकडातून काढायचे, तेही. ट्रफ म्हणजे लाकूड कोरून केलेलं पन्हाळं, आणि चहा आणतो तो ट्रे, तोही. रशियनमध्ये देरेवो म्हणजे झाड आणि द्रोवा म्हणजे सरपण. हित्ती भाषेत, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या तुर्कस्तानात, तारु म्हणजे लाकूड. ग्रीकमध्येच दोरु म्हणजे लाकूड आणि त्यावरून भाला, आणि ट्रॉयच्या लाकडी घोड्याला होमरने जे विशेषण लावलंय ते याच दोरुवरून. आयर्लंडमधलं डेरी हे शहर म्हणजे ओकची राई, आणि किल्डेअर म्हणजे ओकचं चर्च.

आपल्याकडे तर घरात जागोजागी सापडतो. देवदार आहे, दारुहळद आहे. द्रोण आहे! संस्कृतात द्रोण म्हणजे मुळात लाकडाचं भांडं, कोरलेलं, त्यात सोमरस ठेवायचे, आणि अशाच भांड्यात जन्मला म्हणून गुरू द्रोणाचं नाव द्रोण. लाकडाचं भांडं जाऊन पानांचं आलं पण नाव टिकलं, आणि आज लग्नात पत्रावळीशेजारी ज्या द्रोणात वाढपी बासुंदी ओततो तो शब्द नात्याने ड्रायडचा चुलतभाऊ लागतो. त्याच द्रोणीवरून गुरांना पाणी पाजायची डोण. आणि 'दारुण', बरेच भाषातज्ज्ञ तोही दारुशीच जोडतात, लाकडासारखा कठीण, रुक्ष, म्हणून कठोर. दर निवडणुकीनंतर पेपरात कोणाचा ना कोणाचा दारुण पराभव होतो तो म्हणजे चांगला सागवानी पराभव. (पिण्याची दारू सरळ या संस्कृत दारुवरून आलेली नाही, आधीच सांगते, कारण हा विषय काढला की कोणीतरी हमखास ती ओढून आणतं. ती आपल्याकडे फारसीतून आली, तिथे तिचा अर्थ औषध, म्हणून तर आपण दवादारू म्हणतो.)

आणि मग लोक उडी मारतात. शब्द एक आहे ना, मग देवही एकच असणार, श्रद्धाही एकच असणार, सगळं आमच्याकडूनच तिकडे गेलं असणार. त्यातूनच ते ड्रुइड म्हणजे द्रविड असले फॉरवर्ड फिरतात. ड्रुइड हे जुन्या केल्टिक लोकांचे पुरोहित, आणि त्यांच्या नावात हा 'द्रु' असावा हे बहुतेकांना मान्य आहे. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच ते नाव ग्रीक द्रुसशी जोडलं होतं, आणि नावाचा मागचा अर्धा भाग आपल्या 'विद्', 'वेद'शी जुळतो, म्हणजे झाड जाणणारा, किंवा पक्कं जाणणारा. द्रविडचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो शब्द तमिळ या नावाच्या घरातला.

मला उलट या कुळाकडे बघताना दुसरंच दिसतं. भाला, भांडं, डोण, ट्रे, सरपण, डांबर. यात देव कुठे आहे? हा सगळा सुताराचा, लाकूडतोड्याचा, चुलीपुढे बसलेल्या बाईचा शब्द आहे. उभ्या झाडापेक्षा पाडलेल्या झाडाचा जास्त. ज्या मूळ लोकांच्या भाषेतून या सगळ्या भाषा फुटल्या आणि ज्यांनी तो कुठेतरी स्टेपच्या गवताळ भागात वापरला असेल त्यांनी लाकूड वाटून दिलं आपल्याला, झाडातली बाई नाही दिली. ती ज्याची त्याने घडवली. आणि 'द्रुस' ज्यात लपलाय असा हाती लागलेला इतका जुना शब्द कोणता, तर झाड तोडणाऱ्याचा, हे मला फार म्हणजे फार सूचक वाटतं, कारण ग्रीकांच्या झाडातल्या बाईची प्रत्येक गोष्ट बघा, तिच्यात कुऱ्हाड आहेच.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला कवी अपोलोनियस एक गोष्ट सांगतो. पॅरेबियस नावाचा एक गरीब माणूस, जेवढे जास्त कष्ट करेल तेवढा जास्त खंगत जाणारा, दिवसागणिक हाल वाढतायत आणि का ते कळत नाही. शेवटी कारण कळतं ते असं की याच्या बापाने तरुणपणाच्या मस्तीत डोंगरात एक ओक तोडला होता, आणि त्यातली हमाद्रुआस रडून त्याला विनवत होती की हे माझ्याच वयाचं झाड आहे, मी आयुष्यभर यातच राहिले, नको तोडू. त्याने तोडला. तिने शाप दिला, त्याला आणि त्याच्या पोरांना. मग मुलाने वेदी बांधली, बळी दिले, तेव्हा कुठे सुटका. यात मला ते 'माझ्याच वयाचं झाड' फार आवडतं. हमाद्रुआसमधला 'हमा' म्हणजे बरोबर, सोबत. झाडासोबतची. झाड उगवलं तेव्हा ती जन्मली, झाड गेलं की ती गेली.

अफ्रोदिते या ग्रीक प्रेमदेवतेचं एक जुनं स्तोत्र आहे, होमरच्या नावावर खपणारं, त्यात हे मरण फार बारकाईने सांगितलंय. या मुली जन्मतात तेव्हा त्यांच्यासोबत देवदारासारखे उंच वृक्ष नाहीतर ओक उगवतात, त्यांना लोखंड लावायची कोणाची टाप नसते. पण मरण जवळ आलं की आधी झाड जागच्या जागी वाळतं, मग साल सुरकुतते, मग फांद्या गळतात, आणि मग झाडाचा आणि तिचा जीव एकदमच उजेड सोडून जातो. आधी काय, मग काय, हा क्रम ज्याने लिहिला त्याने झाड मरताना बघितलेलं आहे, नुसती कल्पना नाही ती. आमच्या सोसायटीतला गुलमोहर पार्किंगचं काँक्रीट बुंध्यापर्यंत आणल्यावर अगदी असाच गेला, आधी शेंड्याकडून वाळला, मग सालीचे पापुद्रे सुटायला लागले, मग एका पावसात फांदी एका कारवर पडली आणि मग सगळ्यांना झाडाची आठवण झाली.

आयुष्य किती म्हणाल तर हेसिअड या जुन्या ग्रीक कवीच्या नावाने एक कोडंवजा हिशेब आहे. माणसाच्या नऊ पिढ्या म्हणजे एक कावळा, चार कावळे म्हणजे एक हरिण, तीन हरणं म्हणजे एक डोमकावळा, नऊ डोमकावळे म्हणजे एक फिनिक्स, आणि दहा फिनिक्स म्हणजे एक निम्फ. गुणाकार केला तर ९,७२० पिढ्या. ज्या ओकची राई कापून जहाजं केली त्यातला कोणताही ओक एवढा जगत नाही हे त्यांनाही दिसत असणारच, पण चालायचंच, पुराणातली वानगी पुराणात. ग्रीक खवय्येगिरीवर लिहिणाऱ्या अथेनिअसने तर हमाद्रुआसच्या आठ मुली नावानिशी दिल्यात, अक्रोड, मलबेरी, एल्म, द्राक्षवेल, अंजीर वगैरे, म्हणजे झाडांचीच नावं मुलींना. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक आणि घराण्याचा वंशवृक्ष एकाच पानावर.

आता आपल्याकडे या. दारु, द्रु, द्रुम हे शब्द आपल्याकडे असताना त्यातून आपण अशी बाई काढली का? एक नाव माझ्या डोळ्यांसमोर येतं, दारुका. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात 'नागेशं दारुकावने' आहे, ते दारुकावन आपलं, असं हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथचे लोक मानतात (गुजरातवाले आणि उत्तराखंडवाले नाही मानत, तो वाद वेगळा). शिवपुराणात दारुका ही राक्षसीण, आणि तिला पार्वतीचा वर असा की ती जाईल तिथे तिचं वन तिच्यामागून जाईल. ऋषीचा शाप अंगावर आला तेव्हा ती अख्खं रान उचलून समुद्रात जाऊन राहिली. ग्रीक बाई झाडाला बांधलेली, झाड पडलं की मेली. आपली रानच घेऊन घर बदलते. आणि ती राक्षसीण आहे, तिला देवी म्हणून कोणी पूजत नाही, तिच्या रानात जो प्रकटला त्याला पूजतात.

झाडातली खरी बाई आपल्याकडे दुसऱ्याच शब्दाने आली. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाला मध्य प्रदेशात भरहुतचा बौद्ध स्तूप सापडला, तिथले कठड्याचे खांब आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. एका खांबावर चुलकोका देवता, हत्तीवर उभी, एक हात आणि एक पाय झाडाच्या बुंध्याला असा विळखा घालून की झाड कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते ते पटकन सांगता येऊ नये. दुसऱ्या खांबांवर ब्राह्मीत कोरलंय 'चदा यखि', 'यखिनि सुदसना'. यखि म्हणजे यक्षी. यक्ष शब्दाचं मूळ द्रु-दारुसारखं सरळ सापडत नाही, जुन्या वाङ्मयात तो काहीतरी अद्भुत, दचकवणारं, एकदम पुढ्यात उभं राहणारं अशा अर्थाने येतो, केनोपनिषदात देवांनाच प्रश्न पडतो की हे यक्ष आहे तरी काय. युरोपियन अभ्यासक सांची-भरहुतच्या या मूर्तींना बिनदिक्कत ड्रायड लिहायचे, आणि चित्र बघून लिहिलं तर चूक नाही, पण नातं उलटं आहे हो. आपल्या कवींची सुंदरी अशोकाला लाथ मारते आणि अशोक फुलतो, कालिदासाच्या मालविकाग्निमित्राचा अख्खा तिसरा अंक त्यावर उभा आहे. इथे झाड तिच्यावर अवलंबून, तिथे ती झाडावर.

ग्रीक गोष्टीच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मला पालीत भेटली, विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या पुस्तकात. आळवीचा एक भिक्खू कुटी बांधायला झाड तोडत होता. झाडातली देवता म्हणाली, भन्ते, स्वतःचं घर बांधायला माझं घर तोडू नका. त्याने ऐकलं नाही आणि घाव तिच्या बाळाच्या हातावर बसला. तिच्या मनात आलं याला इथेच संपवावं. पण ती थांबली आणि बुद्धाकडे गेली. बुद्ध म्हणाले, मारलं नाहीस ते बरं केलंस, जा, अमुक ठिकाणी एक झाड रिकामं आहे, तिथे राहा. आणि भिक्खूंना नियम घातला, झाडझाडोरा तोडायचा नाही. शाप नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचं दारिद्र्य नाही, एक रिकामं झाड आणि एक नियम. मला तर हे म्हाडाच्या ट्रान्झिट कॅम्पपेक्षा फार बरं वाटलं. पालीत अशा देवतेला रुक्खदेवता म्हणतात, आणि त्यातला रुक्ख कोकणीत अजून रोजच्या बोलण्यात आहे, रूक म्हणजे झाड.

मग मराठीत त्या यखिनीचं काय झालं? ती आहे की. यक्षिणीची प्राकृतात जक्खिणी झाली आणि मराठीत जखीण. माझी आजी राजापूरकडची, ती तिन्हीसांजेला चिंचेखालून जाऊ द्यायची नाही. "जखीण बसते गो तिथे," एवढंच म्हणायची, पुढे स्पष्टीकरण नाही. मला तेव्हा डोळ्यापुढे केस मोकळे सोडलेलं, पाय उलटे असलेलं काहीतरी दिसायचं. भरहुतच्या खांबावर अंगभर दागिने घालून, झाडाला मिठी मारून, हत्तीवर उभी राहिलेली बाई दोन हजार वर्षांत चिंचेवर येऊन बसली. तिचीच थोडी बऱ्या परिस्थितीतली बहीण म्हणजे जाखाई, जाखमाता, गावदेवी म्हणून शेंदूर लावून बसलेली, आणि तुकोबांनी जाखाई-जोखाईला एका ओळीत निकालात काढलंय, माझा पंढरीराव या असल्या देवांचाही देव म्हणून. साती आसरांचंही तसंच, अप्सरा होत्या, आता विहिरीवर पाय घसरला की त्यांचं नाव. पिंपळावर मुंजा आहेच, तो बिचारा सोडमुंज व्हायच्या आधी मेलेला पोरगा.

तरी एका जागी तिचा वचक चालतो, देवराईत. ७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवराया फिरून नोंदवल्या, त्यातल्या कित्येक राया आया-माउल्यांच्या नावाने आहेत. मुळशीकडच्या एका राईत मी गेले होते तेव्हा वाटेत एक अवाढव्य खोड आडवं पडलेलं, त्यावर शेवाळ, कुत्र्याच्या छत्र्या, मधोमध नवं रोप उगवलेलं. सोबतच्या काकांना विचारलं, सरपणाला नाही नेत कोणी? ते म्हणाले, "आईचं हाय ताई, पडलं तरी आईचं." म्हणजे इथे शब्द उरला नाही, जखीण म्हणाल तर ते काका रागावतील, पण पाटीवरचा तो द्रुतोमोस इथे आला असता तर त्याला ५० आस काही मिळाले नसते.

ग्रीक शब्दाचं पुढे काय झालं ते मात्र फारच गमतीचं आहे. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने बर्फाळ प्रदेशातल्या एका बुटक्या फुलझाडाला ड्रायास नाव दिलं, का तर त्याची पानं ओकच्या पानांसारखी दिसतात. मग स्कँडिनेव्हियात जुन्या चिखलाच्या थरांत त्याची पानं सापडायला लागली आणि शास्त्रज्ञांना कळलं की मध्येच एकदा थंडी परत आली होती, साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी. त्या काळाला नाव पडलं यंगर ड्रायास. उत्तर युरोपात झाडं मागे हटली आणि उघड्या माळावर हे फूल पसरलं, त्या काळाला झाडाच्या बाईचं नाव!

आणि हमाद्रुआस आपल्याकडे आली ती सापाच्या रूपात. १८३६ मध्ये थिओडोर कँटर या डॅनिश संशोधकाने नागराजाला, म्हणजे किंग कोब्राला, हमाड्रायस हे नाव दिलं. ते नाव आधीच एका फुलपाखराच्या गटाला गेलेलं होतं, (एका बबून माकडाच्या नावातही लिनियसने ते घातलेलं होतं, पण ते वेगळं) म्हणून सापाचं शास्त्रीय नाव पुढे बदलून ऑफिओफॅगस झालं, म्हणजे साप खाणारा. पण इंग्रज शिकारी आणि जंगलखात्याचे साहेब हमाड्रायडच म्हणत राहिले, त्यामुळे त्या काळातलं काही वाचताना बंगल्याच्या व्हरांड्यात हमाड्रायड निघाली असं आलं तर उगाच कवितेच्या मूडमध्ये जाऊ नका, पंधरा फुटांचं जनावर आहे ते. २०२४ मध्ये या नागराजाच्या चार वेगळ्या जाती आहेत असं जाहीर झालं, आणि आपल्या पश्चिम घाटातल्या जातीला नाव दिलं ऑफिओफॅगस कालिंगा. कालिंग हे कन्नडमधलं त्याचं रोजचं नाव, कर्नाटकातल्या मलनाडमध्ये लोक त्याला पहिल्यापासून हेच म्हणतात.